छर्‍यांचे टेबल आवरले तरी पंधरा दिवसांत पुन्हा का भरते

तीन वर्षे एकच तक्रार आमच्या घरात दर पंधरवड्याला नव्याने उभी राहत असे. मागच्या गॅलरीत चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असे प्लायवुडचे टेबल आहे आणि माझ्या व माझ्या मुलीच्या दहा मीटर नेमबाजीच्या एअर रायफलींचे, म्हणजे दाबलेल्या हवेने छर्रे मारणाऱ्या रायफलींचे, सगळे काम त्यावरच चालते. छर्रे (शिशाच्या बारीक गोळ्या) तपासणे, नळी साफ करणे, हवा अडवणारे रबरी सील बदलणे, सरावाच्या नोंदी करणे, सगळे तिथेच. रविवारी सकाळी दोन तास घालवून मी हे टेबल लख्ख करीत असे आणि त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी छर्‍यांची डबी उघडायलाही त्यावर जागा उरत नसल्यामुळे ती पलंगावर वर्तमानपत्र पसरून उघडावी लागत असे. दोन मिलिमीटरची एल-की, म्हणजे स्क्रू फिरवायची वाकडी किल्ली, तीनदा हरवली, तीनदा नवी आणली, आणि आज तिन्ही माझ्याकडे आहेत. एकदा ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर मापांचे छर्रे एकाच डबीत पडले. शतांश मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसणारा नसल्यामुळे पाचशेच्या पाचशे छर्रे सरावाला काढून टाकावे लागले.

परदेशातील छंदी नेमबाजांच्या घरी काडतुसे पुन्हा भरण्याचे टेबल असते आणि त्याच्या पसाऱ्याविषयी तिकडे पुष्कळ बोलले जाते. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे तो विषय आपल्या घरांपुरता तिथेच संपतो. एअर रायफलीच्या टेबलावर मात्र वजन करणे, माप लावणे, डब्या, किल्ल्या, तेले आणि वह्या असा तसाच प्रपंच असतो, शिवाय शिसे असते, म्हणून हे टेबल भरण्याची कारणेही बरीचशी तीच निघतात.

माझे पहिले निदान चुकले होते. सामान जास्त झाले आहे अशी माझी समजूत होती, म्हणून मी जुने लक्ष्यपत्रक, रिकाम्या डब्या आणि तुटलेले पेचकस टाकून दिले. पंधरा दिवसांनी टेबल पुन्हा भरले. मग सामानाला जागा नाही असे ठरवून नागपूरच्या इतवारी बाजारातून चोवीस कप्प्यांची प्लॅस्टिकची पेटी आणि भिंतीवर लावायची जाळी आणली. जाळीवर हत्यारे टांगली, पेटीत स्क्रू गेले, आणि महिन्याभरात ती पेटीच टेबलाच्या मधोमध उघडी पडलेली दिसू लागली. एवढ्यावर थांबून स्वतःच्या आळसाला दोष देणे सोपे होते आणि घरातून तसा दोष दिलाही गेला.

खरे कारण एका कंटाळवाण्या कामातून सापडले. एका शुक्रवारी, टेबल पूर्ण भरलेले असताना, मी त्यावरची एकही वस्तू न हलवता प्रत्येक वस्तूसमोर कागदाची एक चिठ्ठी ठेवली आणि ती वस्तू इथे का आहे, एवढेच त्यावर लिहिले. एकूण ३१ चिठ्ठ्या झाल्या. त्यांतल्या नऊ वस्तू टेबलावरच्याच होत्या. दोन वस्तू का आहेत ते मलाच सांगता आले नाही. उरलेल्या वीस चिठ्ठ्या वाचताना मात्र एक गोष्ट ठळक दिसली. अर्ध्या छर्‍यांचे वजन झाले आहे, अर्धे बाकी. सील आणले, पण ग्रीस नाही म्हणून बसवले नाही. मागच्या साइटचा (नेम धरण्याच्या भागाचा) स्क्रू ढिला केला, किल्ली सापडेना. रायफलीचे हवेचे सिलिंडर भरायला न्यायचे आहे. मागच्या रविवारची गुणपत्रिका वहीत उतरवायची आहे. म्हणजे टेबलावर साचली होती ती अर्धवट राहिलेली कामे, आणि मी दर रविवारी आवरत होतो तेव्हा ती कामे पूर्ण न करता फक्त खणात ढकलत होतो. आठवड्याने काम आठवले की वस्तू खणातून पुन्हा वर येत असे. म्हणून आवरण्याच्या पद्धतीऐवजी प्रत्येक काम कुठे आणि का अडते, हे शोधायचे मी ठरवले.

सर्वांत जास्त जागा अडवणारे काम वजनाचे होते. दहा मीटर रायफलीचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो आणि लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे सारख्या वजनाचे छर्रे निवडून ठेवले तर गुण वाढतील असा मोह प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. माझ्याकडे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा होता. मी एका बैठकीत दोनशे छर्रे तोलत असे, पुढच्या बैठकीत तेच छर्रे पुन्हा तोलले की आकडे बदललेले असत, मग कोणत्या गटावर विश्वास ठेवायचा हे न कळल्यामुळे सगळ्या वाट्या तशाच टेबलावर राहत. हे काम कधीच पूर्ण होत नव्हते, म्हणून त्याच्या वाट्याही कधी उचलल्या जात नव्हत्या.

आकडे बदलण्याची कारणे दोन निघाली. पहिले काट्याचे स्वतःचे. शतांश ग्रॅम दाखवणारा काटा ०.५२५ पासून ०.५३५ पर्यंतच्या कोणत्याही छर्‍याला ०.५३ म्हणतो, त्यामुळे मी जे गट पाडत होतो त्यांना अर्थच नव्हता. या कामाला सहस्रांश ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. दुसरे कारण नागपूरचे आहे. मार्चअखेरीस आमच्याकडे खिडकीत कूलर बसतो तो जूनमध्ये पाऊस सुरू होईपर्यंत हलत नाही, आणि आमच्या कूलरचा झोत नेमका गॅलरीच्या दारातून टेबलावर येतो. अर्ध्या ग्रॅमच्या वस्तूला तोलताना हा झोत काट्याच्या ताटलीला सारखा ढकलत असतो. इतवारीतल्या सराफा ओळीत कोणत्याही दुकानात काटा काचेच्या पेटीत बसवलेला दिसतो तो याच कारणासाठी, आणि ते लहानपणापासून पाहूनही मला स्वतःच्या टेबलावर आठवले नाही याची आता गंमत वाटते. उपाय सोपा होता. तोलताना कूलर आणि पंखा बंद, काटा दगडी लादीच्या तुकड्यावर सपाट ठेवलेला, सुरू केल्यावर दहा मिनिटे थांबणे, काट्यासोबत आलेल्या वजनाने आधी पडताळणे आणि त्यानंतर दर पन्नास छर्‍यांनी तेच वजन पुन्हा ठेवून पाहणे, आणि ताटलीवर एक काचेचा वाडगा उपडा घालणे. हे सगळे केल्यावर आकडे स्थिरावले.

स्थिर आकडे हाती आल्यावरच मी जो प्रश्न आधी विचारायला हवा होता तो विचारला. रायफल टेकून, गटवारी केलेल्या आणि न केलेल्या छर्‍यांचे आळीपाळीने पाच-पाच नेम मारले. कागदावरच्या भोकांचे पुंजके पाहून कोणते कोणाचे हे मला सांगता आले नाही. माझ्या मते चांगल्या प्रतीच्या छर्‍यांबाबत दहा मीटरवर वजनाची गटवारी वेळेच्या मानाने फारसे काही देत नाही. आपल्या नळीला कोणत्या मापाचा छर्रा मानवतो हे टेकून मारून पाहणे आणि मागचा पातळ घेर दबलेला किंवा कातरलेला छर्रा बाजूला काढणे, या दोन गोष्टी मात्र नक्की उपयोगी पडतात. दबलेला घेर उजेडात तिरपा धरला की दिसतो, त्याला काटा लागत नाही. त्यामुळे सात वाट्या, काटा आणि लादी असा टेबलाचा एक तृतीयांश भाग व्यापणारा संसार माळ्यावर गेला. न करण्यासारखे काम बंद करणे हा पसाऱ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय ठरला आणि तो शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

दुसरी तक्रार पांढऱ्या भुकटीची होती. नव्या डबीतले छर्रे काळपट चकचकीत असतात, पण माझ्या खणातल्या उघड्या डब्यांमध्ये काही महिन्यांतच त्यांच्यावर राखाडी-पांढरा थर येत असे. मी ते छर्रे फडक्याने पुसत असे, दोन महिन्यांनी थर पुन्हा येत असे, आणि पुसण्याच्या छर्‍यांची वाटी टेबलावर कायमची मुक्कामाला राहिली होती. ओलाव्यामुळे होत असावे असे समजून मी सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. थोडा फरक पडला, पण तक्रार गेली नाही. ओलावा हे अर्धेच कारण होते. दुसरे अर्धे कारण खण होता. लाकडातून, आणि प्लायवुड व एमडीएफमधून (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळ्यांमधून) तर जास्तच, अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लांच्या अगदी सौम्य वाफा बाहेर पडत असतात. बंद खणात त्या साठतात, शिशाला लागतात आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्याने शिशाचे पांढरे कार्बोनेट तयार होते. संग्रहालयांमध्ये शिशाच्या जुन्या वस्तू लाकडी कपाटात ठेवू नयेत असे सांगतात त्यामागेही हेच आहे. कूलरच्या दमट हवेने आणि नंतर पावसाळ्याने या प्रक्रियेला हातभार लागतो. त्यामुळे छर्रे आता प्लायवुडच्या खणात नाहीत. मूळच्या पत्र्याच्या डब्या, झाकण घट्ट लावून, लोखंडी कपाटात एका पुडीसह ठेवल्यापासून गेल्या दोन पावसाळ्यांत भुकटी आलेली नाही.

ज्या छर्‍यांवर थर आला आहे ते पुसून वापरण्याचा माझा जुना उद्योग मात्र निव्वळ चुकीचा होता आणि याबद्दल जरा सविस्तर लिहितो. ती भुकटी म्हणजे शिशाचे संयुग आहे आणि कोरड्या फडक्याने पुसली की ती बोटांवर, टेबलावर आणि हवेत जाते. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही, लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त असतो. आमच्याकडे तर त्या टेबलावरून कूलरचा झोत थेट स्वयंपाकघराच्या दिशेने जात होता. आता असे छर्रे पुसले जात नाहीत. ते घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात जमा होतात आणि तो डबा घंटागाडीत जात नाही. टेबलावर पांढरा सनमायका लावून चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची पट्टी ठोकली आहे, त्यामुळे छर्रा घरंगळत खाली जात नाही आणि पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसता येतो. कोरडा झाडू आणि घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर या जागेवर चालवू नये, कारण बारीक धूळ त्यातून पुन्हा बाहेर फेकली जाते. हे फडके इतर कपड्यांत धुतले जात नाही. टेबलावरून उठले की साबणाने हात धुणे आणि टेबलावर चहाचा कप न आणणे हे नियम मुलीने केले आहेत आणि मोडणारा नेहमी मीच असतो.

इथे एक कबुली दिली पाहिजे. छर्रे वेगळे करायला सुरुवातीला मी स्वयंपाकघरातला जुना मिसळणाचा डबा घेतला होता. सात गोल वाट्या, वर काचेचे झाकण, याहून सोयीची वस्तू सापडणे कठीण. नवा डबा घरात आला तेव्हा जुना टाकाऊच झाला होता, पण एका सणाच्या आधी आवराआवरीत तो घासून पुन्हा जिरे-मोहरीसाठी काढून ठेवलेला मला दिसला. त्या दिवसापासून टेबलावर आलेल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा पट्टा आहे, आणि लाल पट्ट्याचे भांडे स्वयंपाकघरात परत जात नाही एवढे घरातल्या सर्वांना माहीत आहे.

किल्ल्यांचा प्रश्न छोटा असला तरी तो सर्वांत जास्त कामे अर्धवट ठेवत होता, कारण किल्ली सापडली नाही की उघडलेली वस्तू तशीच राहते. जाळीवर टांगलेली किल्ली कोणी उचलली तर रिकामा आकडा नजरेत भरत नाही. गादीच्या दुकानातून आणलेल्या जाड फोमच्या तुकड्यात १.५ पासून ४ मिलिमीटरपर्यंतच्या पाच किल्ल्या, दोन पेचकस आणि एक चिमटा यांच्या आकारांचे खाचे कापले आणि खाली पिवळा कागद चिकटवला. जे हत्यार जागेवर नसते तिथे पिवळा आकार उघडा पडतो. जास्तीच्या दोन दोन-मिलिमीटरच्या किल्ल्या मी मुद्दाम टेबलापासून लांब ठेवल्या आहेत, कारण सुटी किल्ली हाताशी असली की हरवलेली शोधली जात नाही.

तेलाच्या बाटल्यांबाबत प्रश्न पसाऱ्याचा कमी आणि सुरक्षिततेचा अधिक होता. शिलाई मशीनचे तेल, गंज काढायचा फवारा आणि सिलिकॉन ग्रीस एकाच वाटीत उभे असत आणि घाईत कोणतीही बाटली हाती येऊ शकत होती. उच्च दाबाच्या हवेच्या जोडांना आणि सिलांना खनिज तेल लावू नये. दाबामुळे तापलेल्या हवेत त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि काही प्रकारचे रबर तर त्याने फुगतेच. आता टेबलावर फक्त सिलिकॉन ग्रीसची ट्यूब असते, तीही उत्पादकाने सांगितलेलीच. बाकीच्या बाटल्या घराच्या दुसऱ्या टोकाला, शिलाई मशीनजवळ गेल्या.

भरायला न्यायचे म्हणून टेबलावर पडून राहणारे सिलिंडर ही शेवटची अडचण होती. आमची गॅलरी पश्चिमेला आहे आणि मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना दुपारी त्या टेबलाला हात लावणे नकोसे होते. २५ अंशांना २०० बार दाबाने भरलेले सिलिंडर ४५ अंशांना पोचले की आतला दाब साधारण २१३ बारपर्यंत चढतो, आणि उन्हात पडलेला धातू तर हवेपेक्षा पुष्कळ जास्त तापतो. सिलिंडर आता आतल्या खोलीतल्या कपाटात असते, त्यावर कोरलेली तारीख मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा वर्षांपेक्षा जुने सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. भरायला न्यायची आठवण दाराच्या खुंटीवर टांगलेल्या रिकाम्या पिशवीने होते. रायफल टेबलावर कधीच राहत नाही, काम झाले की ती कुलपात जाते.

एवढे करूनही काही कामे अडणारच, सील मागवलेले असते आणि यायला वेळ लागतो. अशा कामांसाठी स्टीलचे तीन उथळ ट्रे टेबलाखालच्या फळीवर ठेवले आहेत. काम मध्येच थांबवावे लागले तर त्याचे सगळे भाग, स्क्रूंसह, एका ट्रेमध्ये जातात आणि वर चिठ्ठी राहते. कुठपर्यंत झाले, पुढे काय करायचे आणि कशासाठी अडले, या तीन गोष्टी तिच्यावर असतात. चौथा ट्रे नाही, म्हणून तीनही भरलेले असले की त्यांतले एक काम संपल्याशिवाय नवे उघडता येत नाही. पहिल्या महिन्यात मी याला दोनदा बगल दिली आणि चौथे काम वहीच्या झाकणावर मांडले. दोन्ही वेळा त्यातला एकेक स्क्रू हरवला.

हा बंदोबस्त झाल्यावर टेबल सात महिने रिकामे राहिले आणि दिवाळीच्या आठवड्यात पुन्हा काठोकाठ भरले. चिठ्ठ्यांचा प्रयोग मी पुन्हा केला तेव्हा कारण वेगळे निघाले. इस्त्रीचे कपडे, विजेचे बिल, पाहुण्यांचा चार्जर, आकाशकंदिलाचा सांगाडा. छंदाची एकही वस्तू नव्हती. घरात रिकामा सपाट पृष्ठभाग दिसला की त्यावर काहीतरी ठेवले जाणारच, त्यात कोणाचा दोष नाही, पण कपड्यांना शिसे लागू नये म्हणून हे थांबवणे भाग होते. जुन्या पेढ्यांवर मुनीमजींसमोर उतरत्या झाकणाचे मेज असे, त्यावर वही टेकवता येई पण पाण्याचा तांब्या ठेवता येत नसे. सुताराला तसेच, मागे उंच आणि पुढे उतरते, बिजागरीचे झाकण करायला सांगितले. काम करताना ते भिंतीला टेकते, एरवी बंद असते. झाकणावर ठेवलेला इस्त्रीचा पहिला गठ्ठा घसरून खाली पडला तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्याकडे जसे पाहिले ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण दुसरा गठ्ठा कोणी ठेवला नाही.

आज, हे लिहिताना, तीनपैकी एक ट्रे भरलेला आहे. चिठ्ठीवर लिहिले आहे : ‘जुने सील काढले, खाच पुसली, नवे सील मंगळवारी येणार.’ झाकण बंद आहे आणि फोममध्ये दीड मिलिमीटरच्या किल्लीचा पिवळा आकार उघडा दिसतो आहे, ती किल्ली मुलीच्या सरावाच्या पिशवीत असावी.